‘आपल्याकडे यावर काम झालेलं नाही’

नव्वदच्या दशकात मी एका संस्थेसाठी आर्वी तालुक्यातल्या खेड्यांतून बायकांच्या आजारांची माहिती गोळा करत होते. किराणा दुकानदाराची मुलगी दारोदार ‘असलं’ विचारत फिरते, म्हणून घरी कुरकुर चाले.

रोहण्याजवळच्या एका खेड्यात चाळिशीच्या बाईने सासूला शेजारी पाठवलं, दार लोटलं आणि सांगितलं, की शेवटच्या बाळंतपणापासून तिचं अंग, म्हणजे गर्भाची पिशवी, बाहेर येतं. वाकलं की येतं, डोक्यावर ओझं घेतलं की येतं. बाळंतपणानंतर आठवड्यातच ती कापूस वेचायला गेली होती. तेव्हापासून जुन्या लुगड्याचा बोळा लावून निंदणाला जायची. नवऱ्यालाही बोलली नव्हती.

"सारं लिहून घेजो माय," ती म्हणाली. "माह्या पोरीवर ही पाळी नाई आली पाहिजे."

मी लिहून घेतलं. अशा कितीतरी जणींचं. त्यावर संस्थेच्या साहेबांनी इंग्रजीत लेख लिहिला. काही वर्षांनी ते कौतुकाने म्हणाले, "आता तो इंटरनेटवर आहे. ओपन अ‍ॅक्सेस. जगात कोणीही फुकट वाचू शकतं." मला खरंच आनंद झाला.

पुढे, दोन हजार पाचच्या सुमारास, ती बाई आर्वीच्या बसस्टँडवर भेटली. सोबत लेक होती. लेकीलाही तोच त्रास सुरू झाला होता, आणि कुठल्याशा दवाखान्यात तिला सरळ पिशवी काढायला सांगितलं होतं.

"तू एवढं लिहून नेलं, त्याचं काय झालं?" बाईने विचारलं.

मी दोघींना ओळखीच्या एका तरुण डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तपासून त्या म्हणाल्या, आधी अंग आत धरून ठेवणारी रिंग बसवू, व्यायाम करू, ऑपरेशनची घाई नको. मायलेकी बाहेर गेल्यावर मला म्हणाल्या, "इथल्या बायकांबद्दल मी खूप शोधलं. आपल्याकडे यावर काम झालेलं नाही."

माझी कानशिलं तापली. काम झालेलं नाही? त्यांच्याच कॉम्प्युटरवर आम्ही आजाराचं नाव टाकलं, वर्धा टाकलं, शेवटी लेखाचं अख्खं शीर्षक टाकलं. काही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी संस्थेत गेले. कॉम्प्युटर सांभाळणाऱ्याने लेख उघडून दाखवला. "मॅडम, पासवर्डसुद्धा लागत नाही."

पानांचे फोटो काढून चढवले होते. फाइलला नाव म्हणून नुसता आकडा. शीर्षक कुठे टाइपच केलेलं नव्हतं. फोटोतले शब्द शोधताना सापडत नाहीत, हे त्यानेच हसत सांगितलं. आणि लेखात वर्ध्याचं नावसुद्धा नव्हतं. ‘मध्य भारतातला एक ग्रामीण जिल्हा’, एवढंच.

"मग हा सापडणार कोणाला?"

"ज्याच्याकडे लिंक आहे त्याला."

लिंक साहेबांकडे होती. ते म्हणाले, "प्रसिद्ध करणं आपलं काम. शोधणं वाचणाऱ्याचं."

"त्या बायकांनी दार लोटून सांगितलं ते कपाटात ठेवायला नाही," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. साहेबांशी मी तसं कधीच बोलले नव्हते.

ते म्हणाले, "करायचं तर तुम्हीच करा."

चार शनिवार मी तिथे बसले. सगळा लेख टाइप केला, शीर्षक लिहिलं, जिल्ह्याचं आणि तालुक्याचं नाव घातलं, वर अर्ध्या पानाचा मराठी सारांश. शोधशब्दांत ‘अंग बाहेर येणे’ घातलं, तर साहेबांनी खोडलं. "हा शास्त्रीय शब्द नाही."

"पण बाई दवाखान्यात हाच शब्द बोलते," मी म्हणाले आणि पुन्हा लिहिला. तो राहिला.

महिनाभरात डॉक्टरीणबाईंचा फोन आला. लेख त्यांना सापडला होता. लेकीला रिंगने आराम पडला होता, ऑपरेशन टळलं. सारांशाचा कागद घेऊन मी तिच्या आईकडे गेले आणि ओसरीवर बसून वाचून दाखवला. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"एवढंच?" ती म्हणाली. "अन् हे इतके वर्ष लपवून काऊन ठेवलं होतं?"



पुढच्या शनिवारी मी त्याच कॉम्प्युटरवर दुसरी फाइल उघडली. अंगावरून पांढरं जाण्यावरचा लेख होता. नाव म्हणून नुसता आकडा.