मारुतरावांचे पेढे

दिघीच्या मारुतरावांकडे बायका महिन्याचे चार दिवस अजूनही बाजूला बसतात. सून मिनल तीन महिने बसली नाही, तर म्हाताऱ्याने हर्षाने आळीभर पेढे वाटले की हो!

चाकणची शिफ्ट उरकून मिनल डॉक्टरांकडे जाऊन आली, तो दारातच हातावर पेढा.

“मामा, तसं काही न्हाई हो...”

“व्हय, लाज तू! पण खा आता दोघांचं!”

पीसीओडी निघालंय, हार्मोन बिघडून पाळी थांबलीय, हे सासऱ्यापुढे तिच्या तोंडून निघेना. पर्समध्ये पाळी आणायच्या गोळ्या होत्या. त्या घेतल्या की पंधरवड्यात बाजूला बसणं आलं, आणि मग पोटातलं गेलं म्हणून सगळी आळी रडायला येणार. डॉक्टरीणबाईंनी तर आजपासूनच सुरू करायला बजावलेलं.

मारुतराव शेजारच्या दारात हसत होते. मिनलने पेढा तोंडात टाकला आणि त्याच्यावरच पहिली गोळी गिळली.