आठल्येने दाखवलेला बर्फ

‘आज पाऊस येणार म्हणे,’ असं मिलिंद आठल्येला कोणी सांगितलं, की तो खिडकीकडे बघायचा नाही, सांगणाऱ्याकडे बघायचा. ‘कोण म्हणालं?’ हा त्याचा पहिला प्रश्न. ‘रेडिओ म्हणाला’ म्हटलं, की दुसरा: ‘रेडिओला कोण म्हणालं?’ इथून पुढे त्याच्याशी बोलत राहायला माणूस रिकामटेकडा तरी हवा, नाहीतर मी तरी.

ब्लॅकटाउनला आमच्या शेजारच्या युनिटमध्ये तो एकटा राहायचा. नोकरी सॉफ्टवेअर टेस्टरची. दुसऱ्याने ‘चालतंय’ म्हणून दिलेलं नेमकं कुठे बंद पडतं, ते शोधायचं काम. ऑफिस सुटलं तरी त्याचं हे काम सुटायचं नाही. मी दिलेल्या आमटीचा तो आधी वास घ्यायचा. दुधाच्या बाटलीवरची तारीख वाचून झाली, की वास, मग चमचाभर चव, मग चहा. ‘अरे, विष घालायचं असतं तर इतकी वर्षं थांबले असते का?’ मी एकदा चिडून म्हटलं. ‘तेच तर,’ तो म्हणाला, ‘इतकी वर्षं का थांबलीस, हाच प्रश्न आहे.’

सुरुवातीला तर मलाच त्याचा संशय यायचा. दर संध्याकाळी हा बाल्कनीत उभा राहून फोनमध्ये बघणार, मग आभाळाकडे, परत फोनमध्ये, आणि दात ओठ खात म्हणणार, ‘खोटारडे!’ मी नवऱ्याला, नितीनला, सांगून टाकलं की बाबा रे, दाराला साखळी लावत जा. पुढे ओळख झाल्यावर कळलं की त्या शिव्या हवामानाच्या अंदाजांना होत्या.

त्याच्या फोनवर हवामानाचा अंदाज सांगणारी तीन मॉडेलं असायची: एक युरोपचं, एक अमेरिकेचं, एक इथलं. हिवाळ्यात इथल्या किनाऱ्याला चिकटून एखादं वादळ तयार होतं, ईस्ट कोस्ट लो म्हणतात त्याला. तसं काही दिसायला लागलं, की आठल्ये जेवायचासुद्धा उभ्याने. मला त्यातलं जेवढं कळलं ते असं: वादळ किनाऱ्याला जास्त चिकटलं, तर समुद्राची ऊब डोंगरावर जाते आणि बर्फाऐवजी नुसता पाऊस पडतो. थोडं लांब सरकलं, तर दक्षिणेकडची थंडी आत शिरते, मग डोंगरावर बर्फ. ‘तिघं आपसात भांडत असले की बरं,’ तो म्हणायचा. ‘तिघं एका सुरात बोलायला लागले, की समजायचं, कोणीतरी कोणाची कॉपी मारलीय.’

ह्या सगळ्या उद्योगामागे होते अण्णा, म्हणजे आठल्येचे वडील. मिरजेला असायचे. आयुष्यभर सायकलचं दुकान चालवलं, उन्हातच गेलं सगळं. त्यांची एकच मागणी होती. ‘मला बर्फ पडताना बघायचाय. पडलेला नको. पडलेला काय, फ्रीजमध्येही असतो.’ आठल्येने त्यांची तिकिटं काढली होती, जाड कोट घेऊन कपाटात लावून ठेवला होता. त्या हिवाळ्यात ते येणार होते. तेवढ्यात करोना आला आणि सीमा बंद झाल्या. कोट कपाटात तसाच राहिला, आणि हा रोज फोनवर वडिलांना वादळं सांगत बसायचा. अण्णा पलीकडून विचारायचे, ‘बर्फ कधी?’ हा म्हणायचा, ‘अजून काही खरं नाही, अण्णा.’

ऑगस्टात, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात, एका आठवड्यात तिन्ही मॉडेलं एका सुरात बोलायला लागली. शनिवारी वादळ किनाऱ्यापासून लांब सरकणार आणि ओबेरॉनपर्यंत बर्फ पडणार. ओबेरॉन म्हणजे ब्लू माउंटन्सच्या पलीकडचं गाव, आमच्याकडून गाडीने दोन-अडीच तास. आमच्या मराठी ग्रुपवर नुसता धुरळा. ह्या आनंदात आठल्येचं काय चाललंय बघावं म्हणून मी पिठलं-भाकरी घेऊन त्याच्या दारात गेले. करोनाच्या शिस्तीप्रमाणे डबा पायपुसण्यावर ठेवला आणि मागे सरले. त्याने डब्याचा वास घेतला नाही.

‘मीनल,’ तो म्हणाला, ‘दादा म्हणाला, अण्णा बरे आहेत, झोपलेत. वहिनी म्हणाली, अण्णा बरे आहेत, झोपलेत. आई म्हणाली, अण्णा बरे आहेत, झोपलेत. तीन माणसं, एक वाक्य, एक शब्द इकडेतिकडे नाही.’

‘अरे, मग झोपले असतील!’

‘आज, काल, परवा? आणि मागे कुकरच्या शिट्ट्या स्वच्छ ऐकू येत होत्या. अण्णा झोपलेले असताना आमच्या घरात कुकर ऐकू येत नाही. इतके घोरतात.’

परदेशातल्या मुलांना वाईट बातमी लगेच सांगायची नाही, हे आपल्याकडे घराघरात ठरलेलंच असतं. माझी सख्खी मावशी गेल्याचं मला तिचे दिवस झाल्यावर कळलं होतं. ‘तू तिथे एकटी, उगाच जिवाला घोर,’ आई म्हणाली. अगं, घोर तर लागलाच, वर संतापही आला! आठल्येचं तर त्याहून वाईट. देशाबाहेर जायला तेव्हा सरकारची परवानगी लागत होती. वडील आजारी असल्याचं घरचे कबूलच करत नव्हते, तर हा परवानगी कशाच्या जोरावर मागणार? त्याला फक्त खरं काय ते हवं होतं, आणि सगळे त्याच्यावर माया करत होते.

‘शनिवारी ओबेरॉनला जाऊ,’ तो एकदम म्हणाला. ‘बर्फ पडायला लागला की फोन लावतो. बर्फ पडताना बघायला अण्णा झोपेतून उठणार नाहीत, असं होणारच नाही. तेव्हा तरी दादाला खोटं बोलता येणार नाही.’

‘पण तिघं एका सुरात बोलतायत ना? तुझा तर विश्वास नाही.’

‘नाहीच आहे. पण दुसरी टेस्ट नाही माझ्याकडे.’

शनिवारी आम्ही तिघं आमच्या गाडीने निघालो. मास्क लावलेले, आणि आठल्येच्या हट्टापायी चारही खिडक्या उघड्या, कारण नितीन आदल्या दिवशी एकदा खोकला होता. डोंगरात वारा असा, की माझे कान आहेत की गळून पडले ते चाचपून बघावं लागलं. कटूम्बाला पाऊस. पुढेही पाऊस. आठल्ये मागच्या सीटवरून दर वळणाला म्हणत होता, ‘सांगितलं होतं. ऊब शिरलीय.’ लिथगोला पेट्रोल भरताना तिथल्या म्हाताऱ्याला नितीनने विचारलं, बर्फ पडेल का? म्हातारा आभाळाकडे बघून म्हणाला, ‘धिस आर्वो, मेट. मेबी.’ म्हणजे दुपारनंतर, कदाचित. आठल्ये इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसला. ‘मेबी म्हणाला! हा माणूस भरवशाचा आहे.’

ओबेरॉनच्या अलीकडे एका मोकळ्या रानाशी गाडी थांबवली. मेंढ्या पाठ करून उभ्या होत्या. पावसाचा आवाज हळूहळू बंद झाला. मला वाटलं, थांबला. पण काचेवर काहीतरी पांढरं टेकत होतं, आवाज न करता. मी किंचाळलेच. आठल्ये खाली उतरला, बाहीवर पडलेला तो कण नाकाजवळ नेऊन बघितला, आणि मग दादाला व्हिडिओ कॉल लावला.

‘मिलिंद, अरे, अण्णा जरा झोप...’

‘दादा, बर्फ पडतोय. उठव त्यांना.’

मागून वहिनीचा आवाज आला, ‘सांगा आता त्याला. पुरे झालं.’ मग दादाने सांगितलं. अण्णा हॉस्पिटलात होते, ऑक्सिजनवर. घरच्यांनाही आत सोडत नव्हते. ‘थांब, तिथल्या सिस्टरला सांगतो तुला फोन करायला.’

आम्ही थांबलो. आठल्ये ओरडला नाही, रडला नाही. आभाळाकडे बघून नुसता पुटपुटत होता, ‘थांबू नकोस रे बाबा, थांबू नकोस.’ ज्या बर्फावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता, त्यालाच तो आता हात जोडत होता. मला बघवेना.

फोन आला. आधी पांढऱ्या पोशाखातले सिस्टरचे नुसते डोळे दिसले, मग अण्णा. तोंडावर मास्क, त्यावर वाफ धरलेली, केस विस्कटलेले. आठल्येने कॅमेरा फिरवला. रान, मेंढ्या, आणि सगळ्यावर सावकाश उतरणारा बर्फ. अण्णा मास्कच्या आत काहीतरी बोलले. सिस्टर वाकली आणि म्हणाली, ‘आजोबा विचारतायत, बर्फ आहे असं कोण म्हणालं?’

तर हे बेणं कुठलं, ते मला तेव्हा कळलं! मी रडता रडता हसायलाच लागले. आठल्येने तोंडावरचा मास्क खाली ओढला, मान वर केली आणि लहान पोरासारखी जीभ बाहेर काढली. बर्फ तिच्यावर पडत राहिला. ‘मी म्हणतोय, अण्णा! गार आहे. चव काही नाही!’ अण्णांचा हात थोडासा वर उचलला गेला. तेवढ्यात स्क्रीन अडकली. ‘डॉक्टरांचा राउंड आलाय, ठेवते,’ असा सिस्टरचा आवाज आला, आणि फोन बंद झाला.

त्यानंतर अण्णा फार दिवस राहिले नाहीत. आठल्येने जाण्याच्या परवानगीचा अर्ज केला होता, तो मंजूर होण्याआधीच दादाचा फोन आला. ह्या वेळी झोपलेत वगैरे काही नाही, सरळ ‘अण्णा गेले’. त्या संध्याकाळी आठल्ये आमच्या दारात आला. उंबऱ्याबाहेर उभा राहिला आणि फोन पुढे धरला. ‘आईशी बोलतोय. तुम्ही दोघंही या जरा,’ म्हणाला.

काकूंचा आवाज घोगरा झाला होता. ‘मिलिंद, मला बघूसुद्धा दिलं नाही रे त्यांनी. गुंडाळूनच नेलं. शेवटचं तूच बघितलंस. बर्फ बघून हसले का रे ते?’

त्या दिवशी रानात मी त्याच्या शेजारीच उभी होते. मास्क, वाफ आणि अडकलेली स्क्रीन. ओठ कोणालाच दिसले नव्हते. मी आठल्येकडे बघितलं. आयुष्यात त्याने न तपासलेली गोष्ट कोणाला दिली नव्हती.

‘हो आई, हसले,’ तो म्हणाला. ‘मीनल होती, तिला विचार.’

‘हो काकू, हसले,’ मी म्हणाले.

‘हो काकू, हसले,’ नितीन म्हणाला.

आठल्ये पुढे कालगुर्लीला गेला, पार वाळवंटात, खाणीच्या कंपनीत. तिथे ढगच नसतात, संशय घ्यायचा तरी कोणावर, असं मी त्याला फोनवर चिडवते. कोट त्याने बरोबर नेलाय. पण त्याची आठवण निघाली, की मला ते दारातलंच आठवतं. तीन माणसं, एक वाक्य. जिने उभा जन्म ह्या बापलेकांबरोबर काढला, ती आता विचारणार, कोण म्हणालं, म्हणून मी वाट बघत उभी होते.

‘बरं,’ काकू म्हणाल्या. पुढे त्यांनी काही विचारलं नाही.