किटलीपेक्षा चहा गरम

नणंदेने भावजयीच्या कामात खोट काढायची, ही जगाची जुनी रीत. मला मात्र त्यासाठी नोकरीवर ठेवलं आहे. आमच्या कारखान्यात वहिनी भट्टीवर आणि मी तपासणीच्या टेबलावर. तिने भाजलेली प्रत्येक रिंग माझ्या मीटरखालून जाते. कामावर ती मला मुद्दाम "वन्सं" म्हणते आणि सगळा विभाग फिदीफिदी हसतो.

आधी माल काय ते सांगते. लोखंडात सिलिकॉन, बोरॉन, चिमूटभर तांबं असं काहीबाही घालून वितळवतात आणि त्याची धार गरगर फिरणाऱ्या तांब्याच्या थंड चाकावर सोडतात. ती क्षणात गोठते, इतकी पटकन की आतल्या कणांना रांगेत उभं राहायला वेळच मिळत नाही. जो जिथे सापडला तो तिथेच. म्हणून त्या चकचकीत, केसाहून पातळ फितीला धातूची काच म्हणतात. फीत गुंडाळून बांगडीएवढ्या रिंगा करायच्या आणि भट्टीत साडेपाचशे डिग्रीला तासभर भाजायच्या. तेवढ्या आचेवर काचेत अतिशय बारीक स्फटिक उगवतात. आम्ही त्याला दाणा धरणं म्हणतो. दाणा बारीक धरला की रिंग चुंबकत्व चटकन घेते आणि चटकन सोडते. आच जास्त झाली की दाणे माजतात, रिंग हट्टी होते, आणि मग ती भंगाराच्या पेटीत जाते.

वहिनी लग्न होऊन आमच्याकडे आली तेव्हा दहावीला गणितात दोनदा नापास झालेली होती. तोंड मात्र पहिल्या नंबरात पास. माझा भाऊ शिंपी, दिवसभर तोंडात टाचण्या धरून बसणारा, त्यामुळे त्या घरात बोलायला कोणीतरी हवंच होतं. फीत गुंडाळायच्या टेबलावर ती आठ वर्षं होती. भट्टीवरचा माणूस निवृत्त झाला आणि त्या धगीत उभं राहायला कोणी तयार होईना, तेव्हा ती म्हणाली, "मी बघते." हे बायकांचं काम नव्हे, असं दोघाचौघांनी सांगून पाहिलं. वहिनी म्हणाली, "जन्मभर चुलीपुढे उभं करता तेव्हा चालतं. मग भट्टीनं तुमचं काय घोडं मारलंय?" त्यानंतर अकरा वर्षांत तिची एकही खेप वाया गेली नाही.

मग नवी भट्टी आली. जुनीत चाळीस रिंगा मावत, हिच्यात दोनशे. भट्टी-विभागाचे चष्मेसाहेब शिकलेले, मनाने वाईट नव्हेत, पण कागदावर लिहिलेलं तेच खरं मानणारे. त्यांनी फर्मावलं, "सळयांवर रिंगा चिकटवून भरा, जागा फुकट घालवू नका." पहिली खेप निघाली आणि निम्म्या रिंगा हट्टी निघाल्या. दुसऱ्या खेपेचंही तेच. मीटरला नातं कळत नाही. मी माझ्या हाताने वहिनीच्या रिंगांवर लाल 'नापास' चिठ्ठ्या चिकटवत गेले.

साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "भट्टी नवी, मीटर नवा. मग राहिलं कोण? बाई, तुम्ही दार वेळेवर उघडलं नाही. पुढची खेप बिघडली तर भट्टी दुसऱ्याकडे जाईल आणि तुम्ही परत गुंडाळायच्या टेबलावर."

वहिनीने हातमोजे चढवले आणि भट्टी झाडायला घेतली. तेच मला जास्त लागलं. घरी जेवताना कोणी कोणाकडे बघेना, भाऊ तर ताटातून मान वर काढेना. असं दोन दिवस चाललं.

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती माझ्या टेबलाशी आली. "वन्सं, माझ्या नापास पोरी टाकल्यात की आहेत?"

"आहेत."

"पासवाल्याही आणा. बिल्ल्यांच्या क्रमानं मांडू."

प्रत्येक रिंगेला तारेने पत्र्याचा बिल्ला बांधलेला असतो, कुठली सळई आणि कितवी जागा ते त्यावर ठोकलेलं. ही सवय वहिनीचीच, गुंडाळायच्या टेबलावरची. आम्ही दोघी जमिनीवर फतकल मारून बसलो आणि पूर्ण खेप मांडली. मांडून झाल्यावर मी बघतच राहिले. कडेच्या सगळ्या पास आणि मधल्या सगळ्या नापास.

"दार उशिरा उघडलं असतं तर कडेच्यासुद्धा सुटल्या नसत्या," वहिनी म्हणाली. "या आतून करपल्यात. ऐका वन्सं, जुन्या भट्टीत पाचशेच्या पुढे गेलं की काटा आपोआप जरासा उडायचा. हीटर बंद केला तरी. अकरा वर्षं मला वाटायचं, म्हातारा मीटर आहे, उचकी लागते त्याला. उचकी मीटरला नव्हतीच. दाणा धरताना माल स्वतःच तापतो. ओलं गवत घट्ट रचलं की गंजी आतून तापते ना, तसं."

आम्ही साहेबांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि हसले. "भट्टी साडेपाचशेवर आणि आतला माल त्याहून गरम? चहापेक्षा किटली गरम हे ऐकलंय बाई. किटलीपेक्षा चहा गरम कधी ऐकलं नाही."

"मग बघूनच घ्या की," वहिनी म्हणाली. "रिंगांच्या मधोमध एक तापमानाची तार सोडा."

साहेब कागद चाळू लागले. मी आयुष्यात कधी साहेबांपुढे तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी मात्र म्हणाले, "तार घालायला काय जातंय, साहेब?" बहुधा आमची कटकट मिटवायला ते हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी एकाच सळईवर रिंगा गच्च भरल्या आणि दोन मीटर शेजारी शेजारी लावले, एक भट्टीचा, एक आतल्या तारेचा. आतला मीटर बराच वेळ मागे रेंगाळला. भट्टी साडेपाचशेला पोचून थांबली. आतला पाचशे दहा, पाचशे तीस, आणि मग एकदम सुटलाच. पाचशे साठ. पाचशे नव्वद. सहाशे वीस.

"हीटर बंद करा!" साहेब ओरडले.

"बंदच आहेत," वहिनी म्हणाली. "मघाशीच केले."

साहेबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आकडा तोच होता. मग ते हळूच म्हणाले, "स्फटिक होताना उष्णता बाहेर पडते. मी हे परीक्षेत लिहिलंय बाई. मार्कही मिळाले होते." त्या एका वाक्यासाठी मी त्यांना बाकीचं सगळं माफ केलं.

पुढची खेप वहिनीने आपल्या पद्धतीने भरली. दोन रिंगांमध्ये दोन बोटं जागा. पाचशेच्या थोडं अलीकडे तासभर थांबायचं, मग मुंगीच्या पावलाने वर. दोनशेऐवजी एकशे वीसच मावल्या. मी एकेक मोजायला घेतली. पास. पास. पास. ऐंशीव्या रिंगेला हिरव्या चिठ्ठ्या संपल्या, तेव्हा खडूने लिहू लागले. शेवटची रिंग खाली ठेवली तेव्हा मला समोरचं धड दिसत नव्हतं. मी चक्क रडत होते, आणि आनंदाने रडत होते.

"काय वन्सं, खोट सापडली नाही?"

"शोधतेय," मी म्हणाले आणि सगळा विभाग टाळ्या पिटू लागला.

साहेब नवा सूचनाफलक लिहायला बसले. 'दोन बोटं' म्हटल्यावर त्यांची लेखणी अडली. "कागदावर मिलिमीटर लागतात, बाई. कोणाची दोन बोटं?"

"माझी."

साहेब उठले, खिशातून मोजपट्टीचा चिमटा काढला आणि सगळ्यांसमोर वहिनीच्या उजव्या हाताची दोन बोटं त्यात धरून काळजीपूर्वक मोजली. एकतीस मिलिमीटर. भट्टीच्या भिंतीवर तोच आकडा लागला, आणि भट्टी वहिनीकडेच राहिली.

आता कारखान्याने तशाच आणखी दोन भट्ट्या घेतल्या आहेत. तिथेही फलकावर एकतीसच आहे. नवीन आलेले इंजिनिअर कधीकधी मला विचारतात, तीस का नाही, सरळ आकडा? मी त्यांना वहिनीकडे पाठवते. ती हातमोजा काढून हात पुढे करते.