कुलरनं कामठीला गेलेले सासरे

आमच्या कॉलनीत कुणाला थाप मारायची झाली तर आधी माझी परवानगी घेतात. हे मी सांगत नाही, लोक सांगतात. लोकांना ते मीच सांगितलं, हा भाग वेगळा. त्यामुळे मुलीची नववीची मराठीची परीक्षा तोंडावर आली आणि ती अलंकारांवर अडली, तेव्हा घरात विहीर असताना पोरगी तहानेली राहते कशी, या थाटात मी मांडी ठोकून बसलो.

उपमा समजावायला माझ्या आजोबांच्या बैलापासून सुरुवात केली. बैल वर्धा नदीच्या पुरात पडला, पोहत पलीकडच्या गावाला लागला, तिथं सरपंच झाला आणि दुसऱ्यांदा बिनविरोध निवडून आला. पोरीनं शांतपणे विचारलं, "बाबा, यात उपमेय कोणतं?"

मी म्हटलं, ते पुढं येतं. ती तोवर थांबली नाही. पुस्तक काखेत मारलं आणि वरच्या मजल्यावरच्या वहिनींकडे गेली.

या वहिनी अर्ध्या नागपूरच्या नवऱ्यांना उखाणे पुरवतात. लग्न कुणाचंही असो, पहिला हशा त्यांच्या उखाण्याला. माझ्या किश्श्यांची पाळी येते जेवणानंतर, पाहुणे पान चघळत पेंगत असतात तेव्हा. तेही मी सोसलं. पण पोरगी?

थोड्या वेळानं वरून हसू यायला लागलं. माझ्यासमोर गणिताच्या पेपरला बसल्यासारखी बसलेली पोरगी अशी हसत होती की आमच्या छताचा पंखा फिरला, बटण बंद असताना. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. "जळका वास येऊन राहिला," ती म्हणाली, "गॅसवर तर काही नाही."

वर जायला निमित्त हवं होतं. वहिनींची एक वाटी आमच्याकडे पडून होती. शेजारची वाटी रिकामी परत करू नये, म्हणून तीत मूठभर शेव टाकली आणि निघालो. जिन्यातच पाय थांबले. आत वहिनी सांगत होत्या की लकडगंजच्या लाकडाच्या वखारीत अशी गरमी झाली, की सागवानाची एक फळी दुसरीला म्हणाली, जरा सरक वं, हवा येऊ दे. फळी बोलली म्हणजे कोणता अलंकार? चेतनगुणोक्ती, पोरगी म्हणाली.

फळी माझी होती. पुढचा किस्साही माझाच: आमच्या नव्या कुलरच्या वाऱ्यानं माझ्या सासऱ्यांना उचललं आणि थेट कामठीत नेऊन टाकलं. अतिशयोक्ती. पण वहिनी तिथं थांबल्या नाहीत.

"मंग तुहे आजोबा शेअर ऑटोनं परत आले. ऑटोवाल्यानं विचारलं, काका, इकडं कायनं आले होते? आजोबा म्हणाले, कुलरनं."

हा ऑटोवाला माझा नव्हता. आणि सगळ्यात भारी तोच होता. दर उन्हाळ्यात मी सासऱ्यांना कामठीला पाठवतो, पण त्यांना परत आणायचं कधी सुचलं नव्हतं.

मी आत शिरलो. "वहिनी, हे किस्से माझे आहेत."

"तुमचेच आहेत भाऊजी. मी फक्त इस्तरी करून राहिली."

पोरीनं माझ्या हातातली वाटी घेतली आणि शेव खात म्हणाली की किस्से तर तिला लहानपणापासून पाठ आहेत. कशात कोणता अलंकार, तेवढं काकू सांगतात.

पेपरच्या दिवशी पोरगी परत यायच्या वेळी मी माठाच्या पाण्याचा पेला घेऊन दारात उभा राहिलो. पावलं आली, आमच्या दारावरून गेली आणि वर चढली. पेल्यातल्या पाण्याचा चटका बसेपर्यंत मी तसाच उभा. मग ती खाली आली, पाणी गटागट प्यायली आणि सांगितलं की अनन्वयाचं स्वतःचं उदाहरण विचारलं होतं. ज्याची तुलना फक्त त्याच्याशीच होऊ शकते, तो अनन्वय. तिनं लिहिलं होतं: बाबांच्या थापांसारख्या बाबांच्याच थापा.

छाती अशी फुगली की शर्टाची बटणं समोरच्या बिल्डिंगवर आपटली. तरी विचारलंच, "काकूनं सांगितलं?"

"नाही, माझं आहे."

"मग आधी वर काहून गेली?"

"काकूले पटते का पाहाले. तुम्हाले तर पटलंच असतं."

परवा एका लग्नात पुन्हा तेच. वहिनींचा उखाणा झाला, हशा झाला. जेवणानंतर मी कामठीचा किस्सा काढला आणि या वेळी सासऱ्यांना शेअर ऑटोनं परत आणलं. पेंगणारे पाहुणे खुर्च्यांवरून घसरले. पलीकडे वहिनी पान हातात धरून माझ्याकडे बघत राहिल्या. तो ऑटोवाला माझ्या चांगल्या ओळखीचा आहे, असं मी लगेच सांगून टाकलं.