सिनेमातला माझा हात

आमची अंबडजवळची रो-हाउसची कॉलनी इतकी साधी, की तिथं भुताचा सिनेमा काढावासा वाटणाऱ्या माणसाचं मला कौतुकच वाटलं. आमचंच घर शूटिंगला मागायला आलेला दिग्दर्शक म्हणाला, घर असं रोजचं असलं की माणूस जास्त घाबरतो. मी म्हटलं, खुशाल घाबरवा, पण स्वयंपाकघरात चपला घालून जायचं नाही.

गोष्ट सोपी होती. कॉलनीत नव्यानं राहायला आलेली बाई शेजारणींना हळदीकुंकवाला बोलावते, आणि तिच्या हातचं कुंकू जिला लागेल ती दुसरी सकाळ बघत नाही. नटी गोड मुलगी, पण तिनं आधी कुंकू लावलं, मग हळद, आणि तेही तर्जनीनं. मला राहवेना. कॅमेरा चालू असताना मी मध्येच बोलले, की भूत झाली तरी बाईला एवढं कळायला हवं. ती पुन्हा चुकली. शेवटी दिग्दर्शकानं माझाच हात मागितला. माझ्याच चांदीच्या करंड्यातून, अनामिकेनं, आधी हळद, मग कुंकू. शॉट एका दमात ओके झाला आणि मी दिवसभर तोऱ्यात वावरले.

सिनेमा मोबाइलवर आला तेव्हा कॉलनीनं तो घरोघरी पाहिला. चेहरा नटीचा, पण पडदाभर दिसायचा तो हात माझा. मनगटावरचा कुकरच्या वाफेनं भाजल्याचा डाग सगळ्यांच्या ओळखीचा. समोरच्या वहिनी म्हणाल्या, आता तुमच्याकडे चहा घ्यायचीसुद्धा भीती वाटते. आम्ही दोघी हसलो. माझ्या सुनेला मात्र सिनेमा शेवटपर्यंत बघवला नाही. मध्येच उठून ती कपड्यांच्या घड्या घालत बसली.

मग संक्रांत आली. सुनेचं लग्नानंतरचं पहिलं हळदीकुंकू. ती सटाण्याकडची, इथं तिच्या ओळखीचं कोणी नाही. त्या दिवशी कॉलनीतल्या बायका तिला आपल्यात घेणार होत्या. आमच्याकडे पहिल्या वर्षी सुनेला पाटावर बसवतात आणि हळदीकुंकू सासू लावते. वाणाला चहाच्या गाळण्या मी पंचवटीतून आणल्या होत्या. हलव्याचे दागिने घालून पोरगी पाच वाजल्यापासून दाराकडे डोळे लावून बसली. सात वाजले तरी चौघीच आल्या.

समोरच्या वहिनींपुढे मी करंडा नेला, तर त्यांनी डोकं मागं घेतलं.

"मलाही पटत नाही हो," त्या म्हणाल्या, "पण मन धजत नाही."

बाकीच्या तिघी गाळण्यांकडे बघत राहिल्या. मी करंडा मागं घेतला. माझ्या हौसेपायी त्या पोरीचा सण नासला, याची मला मनापासून लाज वाटली.

तेवढ्यात सून पाटावरून उठली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"आई, आधी मला लावा."

तिनं डोळे मिटून कपाळ पुढं केलं. मी लावलं. आधी हळद, मग कुंकू. उद्या बघू, असं काहीतरी पुटपुटत चौघी वाण न घेताच गेल्या.

मी भुताखेतांना मानत नाही. तरी खरं सांगते, पहाटे तिच्या न्हाणीघरातला नळ वाजला तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

उजाडल्यावर दार उघडलं, तर समोरच्या वहिनी गॅलरीत, एक जण गच्चीवर, दोघी दुधाच्या पिशव्या घेऊन कोपऱ्यावर. सगळ्यांचे डोळे आमच्या फाटकाकडे. सून तिथं रांगोळी काढत बसली होती. नेहमीची वीतभर नाही, फाटकाबाहेर थेट रस्त्यापर्यंत. कुंकू तिनं नव्यानं लावून घेतलं होतं, चांगलं ठसठशीत.

"काकू, रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं," तिनं वर बघून सांगितलं. "संध्याकाळी या. आईच लावणार आहेत."

संध्याकाळी पहिलं कपाळ समोरच्या वहिनींनी पुढं केलं. मी अनामिका करंड्यात बुडवली. आधी हळद, मग कुंकू.