हात न लावलेलं वारूळ

यंदा सात्या निघायला लागल्या तसा माझा जीव थाऱ्यावर नाही. सात्या म्हणजे वारुळावर उगवणारी अळंबी; आमच्याकडे तिच्या भाजीला मटणाचा मान. मी तालुक्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते, पण सात्यांबद्दल जे काही खरं शिकले ते हेमलकशाच्या अलीकडच्या गावातल्या एका भाऊंकडून. धान पिकवणारे, साठी उलटलेले, शाळा चौथीपर्यंत.

कशानं सात्या जास्त निघतात ते पाहायला त्यांनी जंगलात तीन वारुळं राखली होती. एकाभोवतीचा पालापाचोळा ते दरवर्षी झाडून काढत आणि दुसऱ्यावर नेऊन टाकत. तिसरं तसंच.

"त्याचं काय, भाऊ?"

"त्याले हात नाई लावत. नाईतर फरक कसा समजंन, बाई?"

हीच गोष्ट एम.एस्सी.च्या पोरांच्या डोक्यात घालता घालता माझा घसा बसतो.

मी त्यावर पेपर लिहिला. माहिती देणाऱ्या माणसाला इंग्रजीत 'इन्फॉर्मंट' म्हणतात. विद्यापीठाच्या परिषदेत पोस्टर मराठीत लागणार होतं, म्हणून मी शब्दकोश उघडला आणि भाऊंच्या फोटोखाली, नावगावासकट, लिहून टाकलं: खबरी. मी मूळची राजुऱ्याची, खाणीकडची. पण इकडे इतकी वर्षं काढून मला कळू नये? त्या जंगलात खबरी म्हणजे पोलिसांना नक्षल्यांची आतली बातमी देणारा. नुसत्या संशयावरून माणसं मारली गेली आहेत तिथं. अक्कल गहाण टाकली होती मी.

परिषदेआधीच कोणीतरी पोस्टरचा फोटो मोबाइलवर पाठवला. तो गावात पोचला आणि दुसऱ्याच दिवशी भाऊ एसटीने कॉलेजात आले. खुर्ची दिली, बसले नाहीत.

"बाई, मले खबरी काऊन लिवलं? लोकं माह्यासंग बोलून नाई राह्यले."

माझी मान वर होईना. माफी मागितली, मग काय लिहू म्हणून विचारलं.

"इतकी वर्सं पाहून राह्यलो न मी. पाह्यणारा लिवा."

मी 'संशोधक' लिहिलं, त्यांचं नाव माझ्या आधी. परिषदेच्या लोकांनी विचारलं, "यांची पदवी?" नाही म्हटल्यावर म्हणाले, मग संशोधकाच्या रकान्यात ते बसत नाहीत. आणि परिषदेचा विषय काय, तर विद्यापीठाचा दर्जा कसा उंचावावा! मी तोंडाचा पट्टा सोडला, काही उपयोग झाला नाही. पेपर मागे घेतला. भाऊंच्या गावात जाऊन सगळ्यांसमोर चूक कबूल केली. लोकांनी ऐकून घेतलं, चहाही दिला. पण तो फोटो अजून कुठंकुठं फिरतोय.

आज न राहवून भाऊंना फोन केला. "सात्या निघाल्या का?"

"मालूम नाई. एकटा जंगलात नाई जात मी आता."

"आणि आपली वारुळं?"



"आता तिन्हीले हात नाई लागत, बाई."