दाजींचा काळा पट्टा

माझे दाजी दीनानाथराव हसलेले मी कधी पाहिले नव्हते. लग्नाच्या फोटोतसुद्धा ते वीजबिल भरायच्या रांगेत उभे असल्यासारखे दिसतात. सगळी नोकरी मार्केट यार्डात, गुळाच्या एका गाळ्यावर गेली. भाव ठरत असताना चेहऱ्यावर काही दिसलं की सौदा बिघडायचा, म्हणून त्यांनी चेहराच बंद करून टाकला. निवृत्त होऊन धायरीला राहायला आले, तरी तो उघडायचं राहूनच गेलं.

आणि गाठ पडली कुणाशी, तर माझ्या वासंतीताईशी! ताई भाजी आणायला गेली तरी एखादी गंमत घेऊनच परत येते. ती सांगायची, आम्ही पोट धरधरून हसायचो आणि दाजी म्हणायचे, "झालं? मग वाढा आता." गेल्या दिवाळीत तर ती ऐन रंगात आलेली असताना ते उठून पाणी प्यायला गेले. तेव्हापासून ताईने त्यांना काही सांगणंच सोडलं. "जन्मभर भिंतीशी बोलत आले रे," मला म्हणाली. मला दाजींचा असा राग आला!

परवा त्यांच्याकडे गेलो, तर दाजी खुर्चीत ताठ बसलेले. छातीभोवती रबराचा काळा पट्टा. पट्ट्यातून निघालेल्या वायरी टेबलावरच्या बॅटरीला आणि इवल्याशा दिव्याला जोडलेल्या. भाची अपूर्वा कर्वेनगरच्या एका कॉलेजात असलेच प्रयोग करते.

"मामा, रबर वीज अडवतं, बरोबर? पण त्यात कार्बनची काळी पूड भरपूर मिसळली, की कणाला कण टेकतो आणि वीज पार जाते. पट्टा ताणला की कण एकमेकांपासून लांब जातात, दिवा मंद होतो. सैल पडला की पुन्हा उजळतो. मला श्वास मोजायचाय."

"मग बळीचा बकरा यांनाच का केलंस?"

"कॉलेजातली पोरं सारखी हसतात. बाबा एकदम सेफ."

खरंच, दिवा संथपणे मंदावत होता, संथपणे उजळत होता. ताई चहा घेऊन आली आणि दाजींकडे पाठ करून मलाच सांगायला लागली.

"अरे, आमच्या सोसायटीतल्या रंगरावांनी काल स्कूटर धुतली. साबण लावून, घासूनपुसून चकचकीत! मग किल्ली लागेना. तेव्हा कळलं, स्कूटर शेजाऱ्याची!"

दिवा थरथरला.

"बाबा, हलू नका ना!"

"मी कुठे हलतोय?" दाजी म्हणाले. चेहरा गुळाच्या ढेपेसारखा.

अपूर्वाने वायरी घट्ट केल्या. दिवा पुन्हा संथ झाला. ताई पुढे म्हणाली, "आणि शेजारी वर गॅलरीत चहा पीत सगळं बघतोय! रंगराव ओरडले, 'अहो, सांगायचं नाही का?' तर तो म्हणतो कसा, 'मागचं चाक राहिलंय.'"

दिवा वेडापिसा झाला! लुकलुक, लुकलुक, विझतोय की पेटतोय तेच कळेना. मी दाजींकडे पाहिलं. ओठाची कडसुद्धा हलली नव्हती. पट्टा मात्र गदगदा हलत होता.

"मामा, पट्टा बिघडला बहुतेक..." अपूर्वा म्हणाली आणि वायरीकडे नेलेला हात तिने मागे घेतला.

ताई वळली. तिने दिव्याकडे पाहिलं, मग दाजींकडे पाहिलं.

"अहो," ती हळूच म्हणाली, "दिवाळीत पाणी प्यायला उठलात, ते..."

"फुटलो असतो," दाजी म्हणाले. "पाहुण्यांसमोर."

मग काय! ताई हसता हसता रडायला लागली, रडता रडता हसायला लागली. मी सोफ्यावरून घसरून खाली बसलो. माझा राग कुठच्या कुठे पळाला, आणि इतका आनंद झाला की मी कारण नसताना अपूर्वाशी हस्तांदोलन केलं. दिवा तर मिनिटभर जागेवर येईना.

शेवटी अपूर्वा डोळे पुसत पट्टा सोडायला पुढे झाली. दाजींनी तिचा हात बाजूला केला.

"असू दे," ते म्हणाले. "तिचं अजून बरंच सांगायचं राहिलंय."